मोठं निम्मं

मावशीनं घरात पाऊल टाकलं, चपला काढल्या आणि पाण्याचा पेला हातात घ्यायच्या आधीच धाकट्या बहिणीला विचारलं, “मुलीची बॅग भरून ठेवलीयस ना?”

बॅग भरलेली होती. दाराशेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती आणि काचवाला सकाळपासून तिच्याकडे न बघता घरात वावरत होता. दोन खोल्यांच्या घरात एखाद्या वस्तूकडे न बघणं हे काही सोपं काम नाही. खाली दुकान आणि वर घर. दुकानात आरसे, खिडक्यांची तावदानं, टेबलावर टाकायच्या जाड काचा, आणि ते सगळं मापात कापून देणारा हा माणूस. आख्खी गल्ली त्याला काचवाला म्हणायची. बायकोसुद्धा रागावली की तेच म्हणायची. त्याची एकुलती एक मुलगी चौथीत होती. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून तो तिला मुंगी म्हणाला, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

मुंगीचं गणित हे या घरातलं रोजचं भांडण होतं. खरं तर तिचं गणित चांगलं होतं. पाढे तोंडपाठ, बेरीज-वजाबाकी खटाखट, भागाकारात बाकी उरली तरी बाईसाहेब डगमगायच्या नाहीत. पण शाब्दिक उदाहरण समोर आलं, म्हणजे अमक्यानं इतक्या पेन्सिली आणल्या, त्यातल्या काही तमक्याला दिल्या, उरलेल्या सारख्या वाटल्या, असं दोन-तीन पायऱ्यांचं काही आलं, की पोरीचं गाडं अडायचं. बरं, दरवेळी अडलं असतं तरी एक वेळ समजण्यासारखं होतं. कधी ती अख्खं पान बिनचूक सोडवायची, आणि कधी पहिल्याच पायरीवर असं काहीतरी अचाट लिहायची की बघणाऱ्यानं कपाळावर हात मारून घ्यावा. शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, “डोकं आहे, पण लक्ष नाही.” काचवाल्यानं त्याच्याही पुढं जाऊन स्वतःचा निकाल लावून टाकला होता. पोरगी मुद्दाम करते, असं त्याचं ठाम मत होतं.

म्हणून तो रोज संध्याकाळी दुकान बायकोवर टाकून तिला घेऊन बसायला लागला, आणि रोज संध्याकाळी घरात तमाशा व्हायला लागला. माणूस मनानं वाईट नव्हता. पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यात त्याचा धंदा असा, की चुकीला माफी नाही. काचेवर कटर एकदाच ओढायचा, एका दमात, या कडेपासून त्या कडेपर्यंत. हात जरा हलला की काच गेली, आणि गेलेली काच परत सांधता येत नाही. असा माणूस पोरीच्या वहीसमोर बसला की दुसऱ्या ओळीलाच त्याचा पारा चढायचा. “अगं, डोळे आहेत की गोट्या?” इथून सुरुवात व्हायची आणि शेवट मुंगीच्या हुंदक्यांनी व्हायचा. ती न जेवता झोपायची. पुढं पुढं तर दिवस कलला की तिच्या पोटात दुखायला लागायचं. आई दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, आणि मुलीला बाहेर बसवून आईला विचारलं, “संध्याकाळी घरी काय असतं?”

त्याच दिवशी आईनं आपल्या थोरल्या बहिणीला फोन लावला.

ही थोरली बहीण म्हणजे मुंगीची मावशी. परगावी राहायची, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झालेली, आणि निवृत्त झाली असली तरी आवाज अजून नोकरीतच होता. तिनं फोनवरच ठरवून टाकलं, “वर्षभर माझ्याकडं ठेव. शाळा घरासमोर आहे. गणित मी बघते.” काचवाल्याला हे कळलं तेव्हा तो आधी हसला, मग भडकला, मग गप्प झाला. गप्प झाल्यावर म्हणाला, “मला एक संधी दे.”

बायको म्हणाली, “मी खूप दिल्या. आता ताईकडं मागा.”

मावशीनं दिली, पण अट घालून. ती स्वतः एक उदाहरण घालणार. बाप शेजारी बसेल, समजावून सांगेल, काय हवं ते करेल, पण उत्तर सांगायचं नाही. मुलीनं ते सोडवलं पाहिजे, आणि रडता कामा नये. उदाहरण अडलं किंवा डोळ्यांत पाणी आलं, की मुलगी सातच्या बसनं मावशीबरोबर जाणार. मुंगीला यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. पण दुपारी तिनं आईला विचारलं, “मावशीकडं माझी उशी नेता येईल का?” त्यावरून काय ते समजावं.

साडेपाच वाजून गेल्यावर तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि आई दारात उभी राहिली. टेबलावरची काच काचवाल्यानं स्वतः कापून बसवलेली होती, कडा इतक्या घासलेल्या की लहान मूलही बिनघोर हात टेकेल. मावशीनं पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला आणि मुंगीपुढं ठेवला. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल आणि मोठं होतं.

“मोठ्यानं वाच,” मावशी म्हणाली.

मुंगीनं वाचलं. “शाळेने शहाण्णव रोपे आणली. त्यांपैकी निम्मी रोपे मैदानाच्या कडेने लावली. उरलेल्या रोपांतील बारा रोपे वाळून गेली. राहिलेली रोपे चार वर्गांना सारखी वाटली, तर प्रत्येक वर्गाला किती रोपे मिळाली?”

काचवाल्याचा जीव भांड्यात पडला. हे तर सोपं होतं. परवाच तिनं याच्याहून किचकट उदाहरण सोडवलं होतं, सभागृहातल्या अर्ध्या खुर्च्या उचलण्याचं. तिथं तर चार पायऱ्या होत्या आणि ती कुठंही अडखळली नव्हती. त्यानं मनातल्या मनात मावशीचे आभार मानले आणि खुर्ची पुढं ओढली.

“हं, मुंगे. काय काय दिलंय ते आधी बघ.”

“शहाण्णव रोपं.”

“शाब्बास. मग?”

मुंगीचं बोट कागदावर पुढं सरकलं आणि एका जागी थांबलं. तिनं एकदा बापाकडं बघितलं, एकदा मावशीकडं, आणि परत कागदाकडं. “शेवटी चारनं भागायचं ना?”

“हो, पण ते शेवटी. आधी पहिली पायरी.”

“बाबा, एक विचारू?”

“विचार की.”

तिनं पुन्हा मावशीकडं बघितलं. मावशी हाताची घडी घालून तिच्याकडंच बघत होती, आयुष्यभर वर्गातल्या शेवटच्या बाकाकडं बघितलं असेल तशी. मुंगी पुटपुटली, “नाही, काही नाही.” मग वहीवर वाकली आणि लिहिलं, पन्नास.

काचवाल्यानं आकडा बघितला. आधी त्याला वाटलं, ती दुसरंच काही लिहितेय. मग तिनं त्याच्यापुढं लिहिलं, ‘रोपे मैदानात’, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पन्नास! शहाण्णवचे निम्मे पन्नास! पहिलीतलं पोर असं लिहिणार नाही. आणि लिहायचं तेही आज, बॅग दाराशी असताना, मावशीसमोर. त्यानं ओठ आवळले, टेबलाची कड धरली, शब्द गिळायचा प्रयत्न केला. पण सवय म्हणून काही चीज असते.

“पन्नास? कुठून आलं पन्नास?”

आवाज भिंतीवर आपटला. मुंगीनं विजेच्या चपळाईनं खोडरबर उचललं आणि पन्नास खोडून टाकले. त्या जागी सेहेचाळीस लिहिले. बापाच्या कपाळावरची आठी तशीच होती, म्हणून तेही खोडले. मग साठ लिहिले. साठचं शून्य काढता काढता तिचा हात थांबला, कारण बाबांचा श्वास जोरात चालला होता. ती आता रोपं मोजतच नव्हती. ती त्याचं तोंड वाचत होती, आणि जसं तोंड दिसेल तसा आकडा बदलत होती.

तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

“अहो,” दारातून आई म्हणाली. एवढंच म्हणाली.

काचवाला उठला. कुणाकडं न बघता मोरीपाशी गेला आणि नळाखाली दोन्ही मनगटं धरली. पाणी वाहत राहिलं. त्याला कळून चुकलं होतं की आपण हरलो. उद्या सकाळी पोरगी इथं नसेल. दुकानात उतरताना “बाबा, माझी वेणी कुणी घालायची?” म्हणून जिन्यावरून ओरडणारं कुणी नसेल. कापलेल्या काचेवर बोटानं नाव लिहायला येऊ नकोस म्हणून कितीदा सांगायचं, असं जिला बजावायचं ती नसेल. त्याला पोरीचा राग आला, मावशीचा आला, आणि मग स्वतःचा आला, तोही थोडाथोडका नाही.

नळ बंद करताना त्याला का कोण जाणे, दुकानातली गिऱ्हाइकं आठवली. अर्धी गिऱ्हाइकं चुकीचं माप घेऊन येतात. घरी नेलेली काच बसत नाही म्हणून परत येतात, तणतणतात. त्यांच्यावर तो कधी आवाज चढवत नसे. दुकान चालवायचं तर चढवून भागत नाही. तो त्यांना खुर्ची द्यायचा आणि एकच विचारायचा, माप घेतलंत कसं? कुणी चौकटीच्या आतून घेतलेलं असायचं, कुणी बाहेरून, कुणाच्या टेपचं पुढचं टोक वाकलेलं. माणूस वेडा नसायचा. त्यानं सुरुवात दुसरीकडून केलेली असायची, एवढंच. परक्या माणसाला रोज विचारायचा तो प्रश्न त्यानं स्वतःच्या पोरीला आजवर एकदाही विचारला नव्हता. का येत नाही, कितीदा सांगू, लक्ष कुठं आहे, हे सगळं विचारून झालं होतं. कसं केलंस, ते मात्र राहून गेलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो परत आला तो समोरच्या खुर्चीवर न बसता मुंगीच्या शेजारी बसला.

“पन्नास कसे आले?”

मुंगीला तो सापळा वाटला. “चुकलं,” ती पटकन म्हणाली.

“ते राहू दे. चूक की बरोबर ते मागून बघू. तू पन्नास आणलेस कुठून, तेवढं मला सांग. मला खरंच माहीत नाही.”

ती पेन्सिलीचं टोक वहीच्या कोपऱ्यात टोचत राहिली. भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. काचवाल्याच्या जिभेवर आख्खं वाक्य येऊन बसलं होतं, ‘अगं तोंड उघड की’, पण त्यानं ते दातांमागंच ठेवलं. एवढे कष्ट त्याला जाड काच एकट्यानं जिन्यावरून चढवताना पडले नव्हते.

“सव्वासहा,” मावशी म्हणाली. “स्टँडवर जायला वेळ लागतो.”

“जरा थांबा, ताई.”

मुंगी त्याच्या कानाशी आली आणि कुजबुजली, “मी मोठं निम्मं पन्नास धरलं.”

“काय धरलं?”

“मोठं निम्मं. मग लहान निम्मं सेहेचाळीस येतं. पण किती मोठं ते त्यात दिलेलंच नसतं, बाबा. म्हणून मी अंदाजानं धरते, आणि कधीच बरोबर येत नाही.”

मावशीचे कान तिखट होते. ती हसली, वाईट हेतूनं नाही, पण हसली. “मोठं निम्मं! अगं बये, निम्म्यात कसलं आलंय लहान आणि मोठं?”

मुंगीचे कान लाल झाले. “शाळेत पण सगळे हसले होते. मी बाईंना विचारलं होतं, मोठं निम्मं घ्यायचं की लहान. बाई म्हणाल्या, शहाणपणा करू नकोस, खाली बस.”

“आणि अर्ध्या खुर्च्या?” काचवाला म्हणाला. त्याचा आवाज जरा चमत्कारिक येत होता. “त्या कशा आल्या तुला?”

“अर्धं म्हणजे सारखं असतं ना. ते येतं मला. निम्मं वेगळं असतं.” आणि मग ती मावशीकडं वळली. इतका वेळ खाली घातलेली मान तिनं वर केली. भर कोर्टात आपल्याकडं पक्का साक्षीदार आहे हे माहीत असलेल्या माणसासारखी ती म्हणाली, “बाबांना विचार. त्यांनीच सांगितलंय. मोठं निम्मं लहान माणसाचं आणि लहान निम्मं मोठ्या माणसाचं. हो ना, बाबा?”

काचवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

सांगितलं होतं. त्यानंच सांगितलं होतं. ती नुकती बोलायला लागली तेव्हापासून हा खेळ चालू होता. चॉकलेट असो, सफरचंद असो, गिऱ्हाइकानं दिलेला केकचा तुकडा असो, तो हातानं दोन भाग करायचा आणि म्हणायचा, निम्मं तुला, निम्मं मला. आणि सुतासारखी सरळ काच कापणाऱ्या या माणसाचा हात तेवढ्या वेळी हटकून एका बाजूला घसरायचा. एकदा मुंगीनं दोन्ही तुकडे शेजारी धरून बघितले होते आणि विचारलं होतं, माझं मोठं कसं? तेव्हा त्यानं तोंडाला येईल ते सांगून वेळ मारून नेली होती. मोठं निम्मं लहान माणसाचं. त्याला वाटलं, गंमत झाली. पोरीनं ते पाढ्यासारखं पाठ केलं.

“हो ना, बाबा?” मुंगीनं पुन्हा विचारलं. तिच्या आवाजातला पक्केपणा किंचित हलला होता.

हो म्हणावं तर पोरगी आयुष्यभर चुकीचं माप धरून बसणार. नाही म्हणावं तर तिचा एकमेव साक्षीदार भर कोर्टात उलटणार. त्यानं बायकोकडं बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिचा चेहरा काहीच सांगत नव्हता.

“मुंगे,” तो म्हणाला, “निम्मं म्हणजे अर्धंच गं. दोन्ही सारखी. त्यात लहान-मोठं नसतं.”

“मग तुम्ही म्हणायचात ते?”

“मी आपलं उगाच म्हणायचो.”

“उगाच का?”

त्याला उत्तर माहीत होतं, पण सांगायची लाज वाटत होती. असल्या गोष्टी कुणी बोलून दाखवतं का? “तुला जास्त मिळावं म्हणून.”

मुंगी विचारात पडली. तिच्या भुवया जवळ आल्या, उदाहरणाची दुसरी पायरी मांडताना यायच्या तशा. “म्हणजे तुम्हाला निम्मं मिळायचंच नाही?”

“नाही.”

“कधीच?”

इथं एक छोटंसं खोटं बोलून सुटता आलं असतं. काचवाल्यानं ते जिभेच्या टोकावर आणलंही. पण असल्याच एका छोट्या खोट्यानं आज ही वेळ आणली होती. “कधीच नाही,” तो म्हणाला.

मुंगीचे डोळे भरले.

“मुंगे, नाही नाही, आत्ता नको,” तो घाबराघुबरा झाला. “नंतर रड. सातनंतर हवं तेवढं रड, मी सांगतो ना, आत्ता नको गं.” ती मान हलवत होती, हो म्हणत होती, ओठ मिटून धरत होती. पण डोळ्यांतलं पाणी कुणाचं ऐकतं? पहिला थेंब टेबलाच्या काचेवर पडला, मग दुसरा. मावशीनं ते बघितलं. आईनं बघितलं. काचवाल्यानं डोळे मिटून घेतले.

त्यानं डोळे उघडले तेव्हा पेन्सिल चालू होती. मुंगी रडत होती आणि लिहीत होती. नाक ओढायची आणि लिहायची. शहाण्णव भागिले दोन, अठ्ठेचाळीस. तिथं ती क्षणभरही थांबली नाही. अठ्ठेचाळीस वजा बारा, छत्तीस. छत्तीस भागिले चार, नऊ. खाली तिनं पूर्ण वाक्य लिहिलं, ‘प्रत्येक वर्गाला नऊ रोपे मिळाली’, आणि बाहीनं नाक पुसून वही मावशीकडं सरकवली.

मावशीनं चष्मा लावला. इतकं सोपं उत्तर बघायला काय लागतं, पण तिनं वेळ घेतला. “उदाहरण बरोबर आहे,” ती म्हणाली. मग चष्मा काढला. “पण आपलं ठरलं होतं दोन गोष्टींचं.”

“माहितीये, ताई,” काचवाला म्हणाला.

तो उठला. काही लोक शब्द देताना दहा वेळा विचार करतात आणि मोडताना एकदाही नाही. हा माणूस उलटा होता. पटकन देऊन बसायचा आणि मग मोडता येत नाही म्हणून तडफडायचा. तो दाराशी गेला आणि सकाळपासून टाळलेली ती बॅग त्यानं उचलली. ती फारच हलकी होती. वर्षभराची बॅग इतकी हलकी कशी, असं त्याला वाटलं.

“मुंगे, इकडं बघ,” आई म्हणाली. ती दारातून पुढं आली होती. “कशानं रडलीस?”

“बाबांना कमी मिळालं म्हणून.”

“बाबा ओरडले म्हणून नाही?”

मुंगीनं प्रामाणिकपणे आठवून बघितलं. “ओरडले त्याचं रडू आधी आलं होतं. ते मी गिळलं. हे दुसरं आहे.”

काचवाला बॅग धरून तसाच उभा. आपल्या पोरीला रडू गिळता येतं, तेही इतक्या सराईतपणे, हे त्याला आज कळत होतं, आणि तिला ते शिकवणारा कोण हे कुणी सांगायची गरज नव्हती. आई त्याच्यापाशी गेली, त्याच्या हातातून बॅग काढून घेतली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर येऊन बहिणीला म्हणाली, “ताई, निघ तू. बस चुकेल.”

मावशीनं एकदा बहिणीकडं बघितलं, एकदा वहीकडं. तिच्या मनात बोलायचं बरंच होतं हे दिसत होतं. पण तिनं पर्स काखेला लावली आणि मुंगीच्या डोक्यावर हात ठेवला. चपला घालता घालता काचवाल्याला म्हणाली, “काचवाले, मी येत राहीन. हिच्या पोटात पुन्हा दुखलं असं कानावर आलं, तर तुम्हाला विचारत बसणार नाही. सरळ उचलून नेईन.”

“न्या,” तो म्हणाला, आणि तसं तो मनापासून म्हणाला.

आई तिला पोहोचवायला खाली गेली. जिन्यावरचे आवाज दूर गेले. टेबलाशी बाप आणि मुलगी दोघंच राहिली. मुंगीचं रडू थांबलं होतं, मधूनच एखादा हुंदका येत होता. काचवाला तिच्या शेजारी बसला. हसण्यावारी न्यायचा प्रयत्न करत म्हणाला, “काय गं, अजून काय काय चुकीचं शिकवून ठेवलंय मी तुला?”

त्यानं ते गमतीत विचारलं होतं. पण मुंगीला प्रश्न विचारला की ती उत्तर शोधायची. तिनं बराच वेळ विचार केला.

“तुम्ही ओरडलात की उत्तर चुकलेलं असतं, असं.”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही ओरडलात की मी खोडायचे. पण कधीकधी ते बरोबरच असायचं. तुम्ही दुसऱ्याच कशावरून तरी ओरडलेले असायचात. मी मग शाळेत गेल्यावर बघायचे, तर आधीचंच बरोबर असायचं.”

काचवाल्याला वाटलं, आपल्याला आता कुणीतरी ओरडावं, चांगलं मोठ्यानं. पण ओरडायला कुणीच नव्हतं. मुंगीनं हे तक्रार म्हणून सांगितलंच नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं होतं.

“तर मग यापुढं खोडायचं नाही,” तो म्हणाला. “मी कितीही ओरडलो तरी.”

“आणि खरंच चुकलेलं असलं तर?”

“तरी नाही. आधी मला सांगायचं, कसं आलं ते. मग आपण दोघं मिळून ठरवू.”

मुंगीनं त्याच्याकडं नीट बघितलं, बराच वेळ. मग मान हलवली. तिला ते पटलेलं नव्हतं. ती वाट बघणार होती, उद्या संध्याकाळी तो काय करतो ते बघणार होती, आणि परवाही. तिचा विश्वास बसायला दिवस लागणार होते. ते दिवस मात्र आज त्याच्या पदरात पडले होते.